'नाय' लिहिलेला ठोकळा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, अमावास्येला प्रवास टाळत नाही, आणि या सदरात येणारे अनुभव वाचून आजवर हसतच आले. आता माझ्यावर हसायचं तर हसा... पण पूर्ण वाचून मग हसा.

मी भूवैज्ञानिक, लिथियम शोधणाऱ्या एका कंपनीत. राहते नाशिक रोडला, काम सातपूरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये. आता कुणी म्हणेल, नाशिकला तर खाली सगळा काळा पत्थर, इथे लिथियम कुठून? बरोबर आहे, इथे नाहीच. ते दुसऱ्या राज्यात, पेग्माटाइट नावाच्या खडकात. पेग्माटाइट म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांचा पांढरट दगड, त्यात कधी कधी हातभर लांबीचं स्पोड्युमीन नावाचं खनिज सापडतं. त्यातून लिथियम निघतं, आणि त्याची बॅटरी तुमच्या फोनमध्ये असते. तिकडे रिग, म्हणजे खोदायचं यंत्र, लावून बोअर मारतात, पोकळ पाइपमधून दगडाची काकडीएवढी जाड कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. ते कोअर लांब खोक्यांत भरून ट्रकने माझ्याकडे येतं. मी ते तपासून अहवाल लिहिते, आणि पुढचा बोअर कुठे मारायचा ते त्यावरून ठरतं.

कोअर खोक्यात भरताना मध्ये मध्ये लाकडी ठोकळा ठेवतात आणि त्यावर खोली लिहितात. ही सगळीकडची पद्धत. आता कधी कधी खालचा खडक इतका फुटका असतो, किंवा पोकळच असतो, की दोन मीटर खाली जाऊनही वर काहीच येत नाही. तिथे ठोकळ्यावर लिहायचं की इतकं कोअर मिळालं नाही. बाकी लोक इंग्रजीत 'लॉस' लिहितात. आमचा नामदेव लिहायचा, 'नाय'.

नामदेव पेठकडच्या एका पाड्यावरचा. बारा वर्षं आमच्या रिगवर होता. मार्कर पावसात धुऊन जातो म्हणून खिळ्याने कोरून लिहायचा, मराठी आकडे आणि खाली 'नाय'. शेडमध्ये सगळे त्याची टिंगल करायचे, मीसुद्धा. पण माणूस सोन्यासारखा. कोअर कमी आलं की साइटवरचे साहेब ओरडतात, म्हणून पुष्कळ जण इकडचेतिकडचे तुकडे भरून खोकं पुरं करतात. याला आम्ही 'भर घालणं' म्हणतो. नामदेवने कधी भर घातली नाही. एकदा घाई होती म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, घाल थोडी, कोण बघतंय! तर म्हणाला, "मॅडम, जमीन बोललीच नाय, तर बोलली असं मी कसं लिहू?" लाज वाटली मला.

दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. मी त्याच्या पाड्यावर गेले होते. त्याची बायको यमुनावहिनी रडत नव्हती, नुसती बसून होती. निघताना तिने धाकट्या दिराला, सोमाला, पुढे केलं. सोमा भावाच्याच रिगवर लागला होता, त्यालाही दोन पोरं. वहिनी म्हणाली, घरात आता हा एकच कमावता गडी, याच्यावर ध्यान ठेवा. मी हो म्हटलं. असं 'हो' आपण किती सहज म्हणतो, नाही का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार होता. शनिवारी सातपूरला कारखान्यांना सुट्टी, सगळीकडे सामसूम. मी एकटीच शेडमध्ये, कारण सोमाच्या रिगची खोकी आली होती आणि संध्याकाळपर्यंत अहवाल हवा होता. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. मी स्वतः पट्ट्या कापून खोकी उघडली.

चौथ्या खोक्यात कोअर अगदी पूर्ण होतं, तुकड्याला तुकडा लागून, कुठे बोटभर फट नाही. आणि त्या सलग दगडाच्या मधोमध एक ठोकळा बसवलेला. बाकीचे ठोकळे मार्करने लिहिलेले, इंग्रजी आकड्यांत. हा एकच कोरलेला. एक्केचाळीस मीटर साठ, मराठीत. खाली 'नाय'.

अंगावर काटा आला हे खरं सांगते. पण दुसऱ्या क्षणी राग आला. मेलेल्या माणसाची कसली चेष्टा ही! आमच्याकडे नामदेवच्या वेळची जुनी खोकी होती, त्यातला एक ठोकळा काढून शेजारी ठेवला. तोच 'ना', तोच वाकडा 'य', शेवटी खिळा घसरल्याची तीच रेघ... मी सोमाला फोन लावला.

त्याच्या मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, साहेबच असावेत. मी विचारलं, हा ठोकळा कुणी ठेवला? तो म्हणाला, कुठला ठोकळा, आमच्याकडून नाय. भर घातली आहेस का, हे विचारलं तर म्हणाला, सगळं बरोबर हाय. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, तुम्ही खोकं नीट बघितलं ना?"

मी म्हटलं, हो रे बाबा, बघितलं.

खोटं नव्हतं ते. फोन ठेवल्यावर मी कोअर ओलं करून तुकडे जुळवून पाहिले. मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे कसे एकमेकांत बसतात, तसं कोअरही बसायला हवं. तीन ठिकाणी बसत नव्हतं. पण पाइप फिरताना टोकं घासली जातात, तेव्हाही बसत नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. खोक्याचा फोटो अहवालात लावायचा असतो, आणि पूर्ण कोअरच्या मध्ये 'नाय' असा ठोकळा दिसला असता तर दहा प्रश्न आले असते. म्हणून मी ठोकळा उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि फोटो काढला. अहवालात लिहिलं, कोअर पूर्ण, खडक भक्कम. संध्याकाळी पाठवून दिला आणि सिटी बसने घरी आले. जेवलेही व्यवस्थित.

त्या अहवालावरून रिग थोडी पुढे सरकवली. चौथ्या दिवशी जमीन खचली. खाली कुणी एके काळी अभ्रकासाठी खणलेलं भुयार होतं. ते कुठल्याच नकाशावर नव्हतं. रिगवरच्या दोघांनी उड्या मारल्या. सोमा रिगच्या दांड्याशी होता, तो रिगबरोबर खाली गेला.

नंतर त्या दोघांनी सांगितलं की आधीच्या बोअरला, जिथे ठोकळा होता बरोबर त्याच खोलीवर, पाइप एकदम खाली आदळला होता आणि आत सोडलेलं पाणी कुठल्या कुठे गडप झालं होतं. म्हणजे खाली पोकळीच. साहेब म्हणाले भर घाला, यांनी घातली. ठोकळा मात्र कुणीच ठेवला नाही म्हणतात. खोकी बंद करताना तो त्यात नव्हता, असं दोघंही पोरांची शपथ घेऊन सांगतात.

मी कंपनीला सगळं लेखी कळवलं, ठोकळ्याचंही. चौकशी अजून चालू आहे.

सोमाचे दिवस झाल्यावर मी ठोकळा पिशवीत घालून पाड्यावर गेले. का घेऊन गेले, मलाच माहीत नाही. यमुनावहिनीपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिला वाचता येत नाही. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, खूप वेळ फिरवत राहिली. मग विचारलं, सोमाने केलं असेल का हे? मी म्हटलं, अक्षर नामदेवभाऊंचं दिसतंय. ती म्हणाली, सोमा लहानपणी भावाचं अक्षर गिरवायचा, पण त्याला कधी जमलं नाय.

"काय लिवलंय?"

"नाय."

"अन् तुम्ही हे वाचलं व्हतं?"

मी हो म्हटलं. ती उठून आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. शेडमधले म्हणतात, सोमानेच कोरला असणार, साहेबांसमोर तोंड उघडता येईना म्हणून. शक्य आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण तसं असेल तर दोन पोरांचा जिताजागता बाप मला मदत मागत होता, आणि मी त्याचं मागणं ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यापेक्षा नामदेव आला होता असंच मी धरून चालते. जन्मभर भुतांना हसलेली बाई मी... आता रोज मनापासून म्हणते, ते भूतच असू दे.