विहिरीतलं औषध

आमच्या खान्देशात कपाशीवर फवारतात त्याला औषध म्हणतात, आणि जिवाला कंटाळलेला माणूस पितो त्यालाही औषधच. दवाखान्यात मिळते ती गोळी. शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. फक्त त्या दिवशी दवंडी देणाऱ्याला तो सुचला नाही, आणि त्या एका शब्दापायी माझ्या सासूबाईंना अख्ख्या गावाने घेरलं.

सासूला आम्ही आत्या म्हणतो. बायकांसाठी सरपंचपदं राखीव झाली तेव्हा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावची पाळी नेमकी आमच्या समाजाच्या बाईवर आली. बौद्धवाड्यातली अंगठाछाप बाई खुर्चीत बसेल, चहा पिईल आणि घरी जाईल, असं गावाने गृहीत धरलं होतं. गावाला आत्या ठाऊक नव्हत्या. मी त्यांची सून, मला चांगल्याच ठाऊक होत्या. भाजीत मीठ किती, यावरही त्या माघार घेत नसत.

त्या उन्हाळ्यात वळवाची एक जोरदार सर आली आणि गोदरीतली, म्हणजे हागणदारीतली, घाण ओढ्यातून थेट विहिरीच्या तोंडाशी येऊन थांबली. लगेच घरोघर हगवण सुरू झाली. वरच्या गल्लीतला एक मुलगा बापासोबत अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात सलाइनवर होता आणि त्याची आई दारात बसून येणाऱ्या प्रत्येक एस्टीकडे बघायची. माझी मुलगी तेव्हा अंगावर पिणारी होती. तिने एकदा जरी पातळ शी केली तरी मी अमळनेरच्या एस्टीची वेळ विचारत सुटायचे.

पंचायतीच्या खोलीत टीसीएल पावडरचं पोतं होतं. पाणी शुद्ध करायला वरून येणारं पोतं, पण आधीच्या सरपंचांच्या काळात त्याची शिवणही उसवली गेली नव्हती. एकाने दिवाळीला चुन्यात कालवायला मागितलं होतं, एवढीच काय ती त्याची कोणाला आठवण. आत्यांनी ते उघडायला सांगितलं तेव्हा ग्रामसेवक म्हणाले की वर विचारावं लागेल, लोकांना वास चालत नाही, उगाच तक्रारी होतात.

आत्या म्हणाल्या, "वर कोन शे? सरपंच मी शे ना?"

ग्रामसेवकांनी माप घेऊन पावडर कालवली, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं आणि कोतवालाला दवंडीला धाडलं. तो गल्लोगल्ली ओरडत गेला, "गावनी हिरमा औषध टाकेल शे हो! घंटाभर कोनी पानी भरानं नही!"

औषध. विहिरीत. आणि टाकणारी कोण, तर आमच्या वाड्यातली.

बायकांनी भरलेले हंडे रस्त्यावर ओतले. काहीजणी नदीतल्या झिऱ्याकडे, त्या झिरपाच्या डबक्याकडे पळाल्या, जिथे म्हशी बसायच्या. पुरुष विहिरीवर जमले, दोघांच्या हातात काठ्या होत्या. आमच्या वाड्याकडे बोट दाखवून कोण काय बोलत होतं ते मी लिहीत नाही. घरात बसवेना म्हणून मुलीला काखेत घेऊन मी आत्यांच्या मागे गेले. मनात मात्र त्यांचा भयंकर राग होता. खुर्ची यांची, आणि जीव सगळ्या वाड्याचा टांगणीला.

याच विहिरीवर आत्या तरुणपणी खाली उभ्या राहायच्या. वरून कोणी ओतलं तर हंडा भरायचा, नाहीतर रिकामाच परत. त्या दिवशी घंटाभर उलटल्यावर त्या गर्दीतून वर चढल्या, स्वतःच्या हाताने बादली सोडली, तांब्या भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायल्या. पाण्याचा उग्र वास मला दुरूनही येत होता.

गर्दी हलली नाही. जुने सरपंच पुढे होऊन शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हातारं मानूस. तुमनी नातले पाजा, अक्का. मंग आम्ही पिसूत."

सगळ्यांचे डोळे माझ्या काखेकडे वळले. आत्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला. मग म्हणाल्या, "लेकरू काय सरकारना पुरावा शे?"

काठीवाला एकजण हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी वर चढून आत्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला. भीती वाटत नव्हती असं नाही. ग्रामसेवकाचं माप चुकलं असेल तर, हाच विचार मनात होता. तरी प्यायले. मग त्या जुन्या सरपंचांना म्हणाले, "ती मना अंगवर पेस. मी पिनू म्हंजे तीच पिनी."

आणि तिथेच ओट्यावर बसून पदराआड तिला पाजायला घेतलं. लोक बघत उभे राहिले. आत्या माझ्या आणि काठ्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. ते बघून माझा राग गेला. मुलगी पिऊन झोपली, तेव्हा वरच्या गल्लीतली ती सलाइनवरच्या मुलाची आई पुढे आली आणि तिने आपला हंडा आत्यांसमोर ठेवला. आत्यांनी तो भरून दिला. काठ्या कधी निघून गेल्या, मला कळलं नाही.

तिचा मुलगा बरा होऊन आला. विहिरीत पावडर पडत राहिली, गावाला वासाची इतकी सवय झाली की एखादा दिवस वास नसला तर बायका आमच्या दारात येऊन भांडायच्या.

मग आत्यांची मुदत संपली, जुने सरपंच पुन्हा खुर्चीत आले आणि काही दिवसांतच पाण्याचा वास गेला. बायका सवयीने आमच्याच दारात आल्या. आत्या कपाशीच्या बोंडांतला कापूस काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मनाकडे काय येतस? आते मी कोनी नही. पंचायतमा जा, बठ्ठ्याजनी जा. वास मांगा."