गोंदियाच्या पुढचा विचार

आमच्या भिलाईच्या सेक्टरात कुणी गावाहून परतलं की लोक विचारायचे, प्रवास कसा झाला. शेजारच्या क्वार्टरातले मेश्राम काका विचारायचे, "रस्त्यात काय विचार केला?" हयातभर त्यांचा हाच प्रश्न. मी पुण्याहून आलो की छाती फुगवून सांगायचो, "विमानानं आलो काका, दोन तासही नाही लागले. विचार कधी करणार?" ते कीव आल्यासारखे बघायचे. मीही त्यांच्याकडं तसाच बघायचो.

काकांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये गेली. "मिलमंदी आवाज, घरात लेकरं. मानसाले विचार कराले जागा म्हंजे रेल्वे," असं ते म्हणायचे. लग्नाचा होकारही त्यांनी दुर्ग-नागपूर गाडीतच पक्का केला होता. "डोंगरगडपावतर आपलंच खरं वाटते. गोंदियाच्या पुढं गेलं का आपली चूक दिसाले लागते."

त्यांच्या लेकीनं, सुजातानं पुण्यात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काही वर्षांनी तिचाच फोन आला, "बाबा, एकदा येऊन जा." मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. काका येऊन म्हणाले, "पोरीले काय बोलावं, सुचून नाही राहिलं. रेल्वेचं तिकीट काढून दे, बाबू." मी पडलो गल्लीतला स्वयंघोषित प्रवासतज्ज्ञ. म्हटलं, गाडीत हाडं कशाला खिळखिळी करता, रायपूरहून माझ्यासोबत विमानानं चला. वर शोधून शोधून सगळ्यांत कमी वेळाचं विमान काढलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. ती काही आली नाही.

विमानात मी त्यांना अंतर, उंची, वेग, सगळं ऐकवलं. ते ढगांकडं बघत ओठ हलवत होते. मध्येच म्हणाले, "बाबू, गोंदिया आलं काय?"

"काका, ते केव्हाच मागं पडलं."

त्यांचा चेहरा पडला. "अन् मी तं अजून रागातच आहो."

तेवढ्यात विमान वेळेआधीच पोचत असल्याची घोषणा झाली. "त्याइले म्हन ना, जरा फिरवून आन," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

पुण्यात सामानाच्या पट्ट्यावर त्यांची बॅग आली. मी सवयीनं झडप घालून उचलली. काकांनी ती माझ्या हातातून घेऊन परत पट्ट्यावर ठेवली. "अजून एक चक्कर मारू दे." बॅग फिरत राहिली, काका पुटपुटत राहिले आणि मी शहाण्यासारखा हात मागं बांधून उभा राहिलो.

बाहेर सुजाता उभी होती. काका तिच्यासमोर थांबले. "पोरी, मी रागातच आलो. रस्ता कमी पडला."

"मी बी रागातच आली, बाबा," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातली बॅग घेतली. दोघांचेही डोळे वाहत होते.

मी लगबगीनं टॅक्सी बघायला निघालो, तर काकांनी माझा दंड धरला. "बाबू, हिच्या घरी जाले सगळ्यात लांबचा रस्ता कोनता?"

मला जवळचे सगळे रस्ते तोंडपाठ होते. लांबचा एकही सांगता आला नाही.