उपद्रव म्हंजे काय वो?

निवृत्त झाले तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे पोरसवदाच. आता बहात्तराव्या वर्षी त्या बाईकडं बघते तेव्हा तिचं कौतुकही वाटतं आणि तिच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटते. सगळं आयुष्य मुलांचं मराठी सुधारण्यात गेलेलं. शाळा सुटली तरी हात शिवशिवतच होते. कुणाचं काय चुकलंय, एवढंच दिसायचं. पहिल्याच आठवड्यात तिला आमच्या गल्लीची तिकटी दिसली.

तीन रस्ते मिळतात तिथं, विजेच्या डीपीखाली, एक त्रिकोणी तुकडा होता. प्लॅस्टिकच्या पिशव्या, शहाळ्याची टरफलं, एक मोडका कमोडसुद्धा. मी घरोघर फिरून माणसं गोळा केली. आठजण आले. मंडळ स्थापन व्हायच्या आधीच मंडळाचा शिक्का तयार झाला, आणि शिक्का ज्यांनी करून आणला ते बँकेतून निवृत्त झालेले शेजारी आपोआप अध्यक्ष झाले. चार रविवार आम्ही घाम गाळला. कमोड उचलला, माती आणली, जुने टायर अर्धे पुरले आणि त्यांना पिवळा-तांबडा रंग फासला. तो रंग माझी निवड. अजून आठवला की डोळे मिटून घेते. मग मी रांगेनं जास्वंद लावली.

जास्वंद दोन दिवस टिकली.

त्या तिकटीवर रोज संध्याकाळी एक गवळीण दोन म्हशी घेऊन उभी राहायची. आमच्याकडं दूध असंच पितात. म्हैस डोळ्यांदेखत पिळायची, पेला भरायचा आणि उभ्या उभ्या तोंडाला लावायचा. ती बाई पन्नाशीची असेल. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि घर चालायचं ते त्या कोपऱ्यावरच्या दोन तासांवर. आम्ही सगळे तिला वैनी म्हणायचो. तिकटीवर ती आमच्या मंडळाच्या आधी वीसएक वर्षं उभी होती, पण मला तेव्हा ती दिसत होती ती फक्त जास्वंदीच्या पलीकडं.

खरं सांगायचं तर राग यायच्या आधी मला कुतूहल वाटलं. म्हैस नक्की काय काय खाते? मी वही घातली. जास्वंदीच्या जागी एकेक नवं रोप लावायचं आणि रोज संध्याकाळी समोरच्या माझ्या पायरीवर बसून टिपणं काढायची. झेंडू: हुंगला, सोडला, चार पावलं गेली, परत येऊन खाल्ला. शेवंती: मुळासकट. कोरफड: चाटली, मान झटकली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळले. मंडळाची पाटी: खाल्ली नाही, पण तिच्यावर अंग घासलं.

"बाई, म्हशीचं चित्र काढाय लागलाय व्हय?" वैनी विचारायची.

"अभ्यास करतेय गं."

"करा की. तिचा बी करा, माझा बी करा."

इथवर ठीक होतं. पण अध्यक्षांना सुशोभीकरणाच्या स्पर्धेत प्रभागात पहिला नंबर हवा होता आणि मला माझी जास्वंद. म्हशी हटल्याशिवाय दोन्ही होणार नाही असं आमचं एका संध्याकाळी ठरलं. वॉर्ड ऑफिसला अर्ज कोण लिहिणार? मराठीच्या बाई असताना दुसरं कोण! मी बसले आणि अर्ज असा लिहिला की एखाद्याला वाटावं, तिकटीवर गेंडे सुटलेत. "सदर ठिकाणी जनावरांचा नित्य उपद्रव होत असून तो परिसराच्या सौंदर्यास सर्वथा बाधक ठरत आहे." 'सर्वथा' लिहिल्यावर मी पेन खाली ठेवून तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला होता. गल्लीतल्या एकोणीसजणांनी सह्या केल्या. पहिली माझी.

महिन्याभरानं सकाळी वैनी माझ्या दारात. हातात घडी घातलेला कागद.

"बाई, हे जरा वाचून दावा. मी काय शाळंत गेलतो व्हय?"

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलतो' म्हणतात. जन्मभर मी ते वर्गात दुरुस्त केलं आणि घरी येऊन स्वतः तेच बोलले. पण त्या सकाळी दुरुस्तीची हिंमत नव्हती, कारण कागद उघडल्याबरोबर मला माझाच 'सर्वथा' दिसला. ऑफिसातल्या माणसानं माझं वाक्य जसंच्या तसं उचलून नोटिशीत घातलं होतं. आठ दिवसांत म्हशी उभ्या करणं बंद करावं, नाहीतर जप्ती.

मी वाचत गेले. माझंच वाक्य मी तिला दमदाटी म्हणून वाचून दाखवत होते.

"उपद्रव म्हंजे काय वो?" तिनं विचारलं.

आणि ह्या मराठीच्या बाईनं, जिनं शब्दार्थात अर्धा मार्क कधी फुकट दिला नाही, उत्तर दिलं, "उपद्रव म्हणजे... वर्दळ."

"मग वर्दळ हाय की. गिऱ्हाईक येणारच. त्यात काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग तुम्हीच ह्याला उत्तर लिवून द्या. जागा गेली तर मी म्हशी काय चुलीवर बांधू?"

मी उत्तर लिहून दिलं. त्यातही एक 'सर्वथा' आला. खोड जात नाही. वर तिला धीर द्यायला तिच्याबरोबर वॉर्ड ऑफिसातही गेले, म्हणजे उंदरानं स्वतःच्या पायांनी पिंजऱ्यात जाऊन वर दार लावून घ्यावं तसं.

टेबलामागचा कारकून माझाच विद्यार्थी निघाला. ह्या गावात तो धोका कायम असतो. त्यानं उठून वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. मग फाईल काढली आणि माझा अर्ज अन् वैनीचं उत्तर शेजारी शेजारी ठेवलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ह्या अक्षरानं माझ्या वहीवर सात वर्षं लाल शेरे पडलेत. मी हे अक्षर झोपेत बी वळखीन."

"कुठलं?"

"दोन्ही."

वैनी पुढं वाकली. दोन्ही कागदांवर बोट फिरवलं. "व्हय की. एकाच हातचं दिसतंय."

वर तो गुणाचा विद्यार्थी म्हणाला, "आणि बाई, 'सुशोभीकरण'मधला 'भी' दीर्घ असतोय. तुम्ही ऱ्हस्व काढलाय. मला तुम्ही ह्यासाठी बाकावर उभं केलतं."

चहा आला. तो कुणी प्याला मला आठवत नाही. त्यानं सांगितलं ते एवढं आठवतं: ज्यांनी सह्या केल्यात त्यांनीच शुक्रवारच्या आत अर्ज मागं घेतला, तर नोटीस रद्द. एकजण जरी अडून बसला तरी प्रकरण वर जाणार.

बाहेर आल्यावर वैनी पायरीवर थांबली. मी वाट बघत होते की ती ओरडेल. आमच्याकडं लोक ओरडतात, मग मोकळं होतं. ती ओरडली नाही. चपलेतला खडा काढला आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"घरोघर. सह्या काढायला जसं गेलता, तसंच."

मी पुढं, कागद हातात, आणि ती माझ्या मागं. प्रत्येक दारात मी बोलायला तोंड उघडायच्या आत ती अगदी भोळेपणानं विचारायची, "तुम्ही सही केल्याली न्हवं? मग जरा सांगा की, उपद्रव म्हंजे काय वो?"

एवढे सुशिक्षित लोक मी एकाच दिवसात इतके निरक्षर झालेले बघितले नाहीत. गिरणीवाला म्हणाला, "म्हंजे गर्दी वो, आपली गर्दी." रोज तिच्याकडून दोन पेले पिणारी एक बाई लालबुंद झाली आणि माझ्याकडं बोट दाखवलं: "मी वाचलंच न्हवतं! बाईंनी सही मागितली, मी दिली." तालमीतल्या म्हाताऱ्या पैलवानांनी मिशीवरून हात फिरवत बराच विचार केला आणि म्हणाले, "उपद्रव म्हंजे आमचा जावई. आन कुठं सही करू?"

अध्यक्ष मात्र अडले. "एकदा दिलेला अर्ज असा मागं घेता येत नाही. मंडळाची काही प्रतिष्ठा आहे की नाही?"

"हाय की," वैनी म्हणाली. "पर उपद्रव म्हंजे काय?"

"ती एक सरकारी संज्ञा असते. त्याचा तसा अर्थ काही नसतो."

"अर्थ न्हाय त्या शब्दानं माझी जागा जाणार व्हय?"

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. मला वाटलं संपलं. तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "रोज त्याच म्हशीचं दूध ढोसून ढेकर देताय की! करा सही गुमान!" अध्यक्षांनी सही केली. शिक्कासुद्धा मारला. कुणी मागितला नव्हता.

अठरा झाल्या. शेवटचं घर माझं. पायरीवर बसून मी सही केली आणि कागद तिच्याकडं दिला. तिनं तो घेतला नाही.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "वर्दळ सांगू नका."

"त्रास," मी म्हटलं. "उपद्रव म्हणजे त्रास. तुझ्या म्हशींचा त्रास होतोय असं मी लिहिलं होतं."

"मग तसं लिवायचं की. मला तोंडावर बोलायचं. होतोय का त्रास?"

"होतोय. माझी जास्वंद खातात."

"मग जास्वंद लावताय कशाला? म्हशीपुढं पंगत मांडायची आन म्हशीनं जेवू नये म्हणायचं! सदाफुली लावा. सदाफुलीला जनावर तोंड लावत न्हाय. कडू असतीया." तिनं कपाळावर हात मारला. "महिनाभर वही घिऊन बसलाय पायरीवर. मला एकदा इचारलं असतं तर?"

मला खरंच सुचलं नव्हतं. म्हशीला विचारलं, वहीला विचारलं, वॉर्ड ऑफिसाला विचारलं. जिच्या जनावराबद्दल एवढी उत्सुकता, ती दहा पावलांवर उभी होती. ह्यालाच मी अभ्यास म्हणत होते.

शुक्रवारी कागद पोचला. नोटीस रद्द झाली. तिकटीवर सदाफुली आली, पांढरी आणि गुलाबी, आणि टायरांच्या रंगावर मी स्वतः चुना फासला. पहिला नंबर दुसऱ्याच गल्लीला गेला. तिथं कारंजं होतं.

एक गोष्ट मात्र मला इतकी वर्षं कुरतडते. तिला आधीच माहीत होतं का? गल्लीत वाचता येणारी माणसं काय कमी होती? कागद घेऊन ती नेमकी माझ्याच दारात का आली? मी तिला दर वर्षा-दोन वर्षांनी विचारते. कधी म्हणते, "तुमचं घर वाटंवर पडलं." कधी म्हणते, "तुम्ही मोठ्यानं छान वाचताय." परवा विचारलं तर नुसतीच हसली आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली. आता तिची सून धार काढते, ती बाकड्यावर बसते, आणि मी तिच्या शेजारी.

म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. "ते जाऊ दे. जागा गेली असती तर कुठं गेली असतीस गं?"

तिनं क्षणाचाही विचार केला नाही.

"तुमच्या अंगणात. नोटीस आली त्याच दिशी बघून ठिवलंतं."

घरी आल्यावर मी फाटक उघडून अंगणात दोन्ही बाजूंनी वीत टाकून बघितली. दोन म्हशी आरामात मावल्या असत्या.