चौटा बाजारातली साडी

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतका संतापी माणूस तापीच्या अलीकडच्या काठावर नाही, आणि पलीकडच्या काठावर असलाच तर तो मला अजून भेटायचा आहे. माणसं महागाईवर चिडतात, सरकारवर चिडतात, जावयावर तर हक्कानं चिडतात. मामा कापडावर चिडायचे. अख्खं सुरत शहर कापडावर जगतं. पण पंगतीत वाढणाऱ्याच्या खांद्यावरचा पंचा विरविरीत विणलेला आहे म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूस मी एकच पाहिला. लिंबायतमध्ये एका शेठच्या कारखान्यात ते माग चालवत. तरुणपणी खानदेशातून आले ते थेट मागासमोर उभे राहिले, आणि मागाव्यतिरिक्त जगात जे काही आहे ते सगळं त्यांच्या मते कामचुकारांनी काढलेलं खूळ होतं.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, अमळनेरला. मी पाटावर उभा, मध्ये अंतरपाट, पलीकडे नवरी आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीशी मामा. भटजींनी मंगलाष्टकांचा सूर लावला आणि तिसऱ्या अष्टकाला नवरीच्या खांद्यावरून एक हात पुढं आला. त्या हातानं अंतरपाटाची कड चिमटीत धरली, चोळली, उजेडाकडे केली, आणि स्टेशनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न आला, “हाई कापड कोनी इनं?” म्हणजे हे कापड कोणी विणलं? भटजींचा सूर तुटला. कोणीतरी घाईघाईनं सांगितलं की कापड दुकानातून आणलंय. “दुकानमा कापड उगस का?” मामा कडाडले. पुढची अष्टकं कशीबशी उरकली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. आयुष्यात एकदाच येणारा तो क्षण. मी मोठ्या आशेनं समोर पाहिलं, तर नवरी माझ्याकडे नव्हे, अंतरपाटाकडे बघत होती. मामा म्हणतात तसा खरंच वाईट विणलाय का, हे तिला पाहायचं होतं. हा राग मी अजून सोडलेला नाही.

पुढं बँकेनं माझी बदली सुरतेला केली आणि मामा दर आठवड्याच्या सुट्टीला आमच्याकडे येऊ लागले. ते आले की बायको पडदे आवरून ठेवी, कारण पडद्यात त्यांना तुटलेली तार दिसली की चहा थंड व्हायचा. एकदा मी नवा शर्ट घालून बँकेत निघालो तर त्यांनी दारातच अडवलं, पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आठे दोन तारा नहीत, जवाईबापू. इतला शिकेल माणूस, आन दोन तारा नसेल शर्ट घालीसन साहेबसमोर बसस?” दिवसभर माझी पाठ भिंतीला लागलेली होती. संध्याकाळी भिंगातून पाहिलं. दोन तारा खरंच नव्हत्या.

मागाच्या खडखडाटात वीस वर्षं उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्यामुळं स्वतः बोलताना ते गल्लीला उद्देशून बोलत. पण त्यांना ऐकू येत नाही असं समजून कोणी त्यांच्यासमोर काही बोललं की संपलंच. कारखान्यात माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात. आवाज काढून उपयोगच नसतो. या टोकाचा माणूस ओठ हलवतो आणि दहा माग सोडून उभा असलेला माणूस हसतो. मामा तर त्यात पटाईत. एकदा आम्ही चादर घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला शेठ नोकराला हळूच म्हणाला, “आ काकाने पेलो जूनो माल पधरावी दे.” म्हणजे तो जुना माल या काकांच्या गळ्यात मार. मी शेठच्या शेजारी असून मला ऐकू आलं नाही. मामा तिकडूनच गरजले, “जूनो माल तारा घरे लई जा, शेठ!” शेठच्या हातातला चहा बशीत गेला. तेव्हापासून घरात नवराबायकोचं काही खासगी बोलायचं असलं तर आम्ही मामांकडे पाठ करून बोलत असू. तेही त्यांना आवडत नसे. “भिंतले काय सांगी राहिनात?” असं विचारत.

त्यांच्यासमोर ‘नोकरी’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. शेजाऱ्यांनी एकदा सहज विचारलं, काका नोकरी कुठं करता? मामा लालबुंद झाले. “मी नोकरी नही करस. मी कापड इनस. नोकरी ह्या जवाईबापू करतस. दिवसभर कागद उलटावतस.” हे माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच बायकोनं केलेली शेवभाजी खाताना. आणि ती पदराआड हसत होती.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आमच्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात एक कार्यक्रम ठरवला. विषय होता, ‘माझं काम, माझा आनंद’. मंडळींनी आपल्या आवडत्या कामातल्या गोष्टी सांगायच्या. मी मंडळाचा सहचिटणीस. वक्त्यांची यादी झाली: एक प्राध्यापक, एक डॉक्टर, एक विमा अधिकारी, एक सरकारी इंजिनियर. मी ती यादी वाचली आणि माझं डोकं फिरलं. गणपतीच्या मांडवात निम्म्याहून जास्त माणसं लिंबायत आणि गोडादऱ्याहून पायी येणारी. मांडव तेच उभारतात, मूर्ती तेच वाहून आणतात, मागच्या सतरंज्यांवर तेच बसतात. पण काम म्हटलं की ते कोणाच्या आठवणीत नाहीत! मी सभेत तसं बोललो. उत्तर मिळालं, “अहो, पण त्यात सांगण्यासारखं काय असतं? माग चालतो, कापड निघतं.” मी टेबलावर मूठ आपटली. आयुष्यात मी टेबलावर आपटलेली ती एकमेव मूठ. शेवटी मामांना दहा मिनिटं मिळाली, तीही सगळ्यांच्या शेवटी, आरतीच्या आधी.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. याचाच मला धक्का बसला. त्यांनी नवं धोतर घेतलं, ते दुकानात उजेडाला धरून पाऊण तास तपासलं, आणि पुढच्या दोन सुट्ट्यांना ते आमच्याकडे येऊन नुसते मनाशी काहीतरी जुळवत बसले. एक गोष्ट सांगायची ठरलीय एवढंच कळलं. बायको म्हणाली, “मामा, आम्हाला एकदा म्हणून तरी दाखवा.” तर म्हणाले, “आधी सांगी दिधी ते मंग तठे शिळी व्हई जाई.” मामी म्हणाल्या, “माले बी सांगत नहीत. आरसासमोर उभं राहीसन तोंड हलावतस, आन मी वनू का थांबी जातस.” वीस वर्षं हा माणूस कामाबद्दल बोलत होता आणि सगळे हसत होते. आता पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी बोलावून, खुर्ची देऊन, सांगा म्हटलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी विमा अधिकाऱ्यांनी विम्यातल्या आनंदावर पाऊण तास घेतला. विम्यात इतका आनंद असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ऐकल्यावरही वाटलं नाही. प्राध्यापकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे एकदाही न बघता बोलले. मामा स्टेजच्या कडेला हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा पुढच्या खुर्च्यांमध्ये जांभया सुरू झाल्या होत्या. मागच्या सतरंज्या मात्र सरसावून बसल्या.

मामांनी सुरुवात शुद्ध मराठीत केली. ती दोन वाक्यं टिकली. मग ते आपल्या बोलीत आले आणि माईकवाल्यानं माईक बंद करून टाकला, कारण गरजच नव्हती. त्यांच्या मागाच्या फणीचा एक दात वाकडा झाला होता. त्यामुळं प्रत्येक साडीत, काठापासून चार बोटांवर, केसाएवढी बारीक रेघ पडायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. “सहा महिना शेठले सांगी राहिंतू, फणी बदल, फणी बदल! शेठ म्हणे, कोनले दिसस? माले दिसस ना!” मागून टाळ्या आल्या. मामा खुलले. त्या सहा महिन्यांत त्यांनी विणलेल्या साड्या नेसून बायका गावात हिंडत असतील, या विचारानं त्यांना जेवण जात नव्हतं. आणि एके दिवशी चौटा बाजारात गर्दीत त्यांना ती रेघ दिसली. “मन्ही साडी! मन्हा हातनी! एक बाईना आंगवर!” मामा तिच्या मागे निघाले. बांगड्यांची दुकानं गेली, भागळचा चौक आला, मामा मागेच. का? तर तिची माफी मागायला. कापडात खोट राहिली, ती आपल्या हातून राहिली, हे तिला सांगायला.

मागच्या सतरंज्या हसत होत्या, ओरडत होत्या. पुढच्या खुर्च्यांत मात्र चुळबुळ सुरू झाली. बाजारात बाईच्या मागे लागलेला माणूस गणपतीसमोर ती कथा सांगतोय, हे काही सभ्य लोकांना रुचेना. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझेच बँकेतले साहेब. ते माझ्याकडे वाकले. “हे काय चाललंय? लेडीज बसल्यात.” तिकडे मामा सांगत होते, “तिनी मांगे फिरीसन माले देखं. म्हने, ‘शुं छे?’ आन वाकीसन चप्पल हातमा लिधी. मंग मी तिले सांगं...”

आणि मी, टेबलावर मूठ आपटणारा मी, साहेबांच्या कानाला लागून अगदी हळू म्हणालो, “अडाणी माणूस आहे, साहेब. कुठं काय बोलावं, त्याला कळत नाही. थांबवतो मी.”

मामा माझ्याकडे बघत होते.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या तोंडाकडे जरा वेळ तसेच पाहत राहिले, जणू चुकून दुसरंच काही वाचलं असेल तर मी ते पुन्हा म्हणेन. मग हात जोडले. “बस. इतलंच.” मागून आरडाओरडा झाला, “मंग काय व्हयनं? पुढं सांगा!” मामा स्टेजवरून उतरले, चपला शोधल्या आणि आरतीला न थांबता गेले. आरती वेळेवर झाली. साहेब खूश होते.

मी आठवडाभर वाट पाहिली की मामा येतील आणि गल्ली हादरेल असं काहीतरी बोलतील. मला तेच हवं होतं. ज्या माणसानं माझं लग्न थांबवून कापडाची चौकशी केली, तो माझ्यावर चिडायला येईना, याचा अर्थ मला कळत होता. सुट्टीमागून सुट्टी गेली, पडदे जागेवरच राहिले. बायकोला मी काय म्हणालो ते सांगितलं तेव्हा तिनं भाकरी तव्यावर इतक्या जोरात टाकली की तवा चुलीवरून सरकला. “माझ्या मामांना?” एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. मंडळाच्या लोकांना मी नावं ठेवत होतो. त्यांनी निदान मामांना ओळखत नसताना तसं म्हटलं होतं. मी ओळखत असताना म्हणालो.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी लिंबायतला गेलो. इतक्या वर्षांत मामांचा कारखाना मी पाहिलेला नव्हता, याचीही त्या दिवशी लाज वाटली. दार उघडताच आवाज अंगावर आला. छातीत घुसतो असा. दोन ओळी मागांच्या, मध्ये चिंचोळी वाट. मामा आपल्या मागाशी उभे होते. डोळे तुटणाऱ्या तारेवर, बोटं गाठ मारण्यात. घरी एक क्षण स्वस्थ न बसणारा हा माणूस तिथं किती शांत होता! मी समोर गेलो, कान धरले, आणि ओरडून म्हणालो, “मामा, चुकलो. पुढं काय झालं ते सांगा.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांना मात्र कळलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माग चालू ठेवूनच सांगायला लागले. ओठ हलत होते, एक हात धोट्याजवळ, दुसरा हवेत. त्या बाईनं चप्पल उगारली ते दिसलं. मामांनी हात जोडले ते दिसलं. मग बोटानं हवेत ती बारीक रेघ काढली, बाईनं पदर पुढं घेऊन पाहिला असावा, आणि मग ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली? मामांचे ओठ भराभर हलत होते, चेहरा उजळला होता, डोळ्यांत पाणी होतं की उजेड, सांगता येत नाही. ओळीतले सगळे जण माग सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवट आला. सगळी ओळ एकदम हसली, कोणी डोळे पुसले, पलीकडच्या म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. त्या सगळ्यांत मी एकटा बहिरा. मला एक अक्षर कळलं नाही. मी पण हसलो.

सुट्टी झाल्यावर आम्ही बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला. कान अजून वाजत होते. मी धीर करून म्हणालो, “मामा, त्या बाईनं शेवटी...” मामा कपातून वर पाहत म्हणाले, “सांगं ना आते तुम्ले. पुरी सांगी.” म्हणजे मघाशीच सगळी सांगितली की. आणि मग, जरा संकोचून, हळू आवाजात, त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव हळू आवाज तो, “आवडनी का?”

मी एकदा त्यांची गोष्ट अर्धी तोडली होती. पुरी सांगितलेलीही माझ्यापर्यंत पोचली नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

“खूप आवडली, मामा,” मी म्हणालो.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या ओळीतल्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. मामा होते तोवर त्यांच्या नजरेतून ते सुटणार नाही, या भीतीनं विचारलं नाही. पुढं ती माणसंही पांगली. बायको मात्र अजून अधूनमधून विचारते, “मामांनी तुम्हाला सांगितली ना ती गोष्ट? काय म्हणाली हो ती बाई?” मी तिच्याकडे पाठ करतो आणि म्हणतो, सांगेन कधीतरी.