म्हारीण एक, पोरी दोन

"उखाण्यात घे," पटवारी म्हणाला.

चावडीपुढं पंधरा-वीस माणसं बसलेली. वर ओट्यावर पाटील. त्याच्या शेजारी पटवारी, मांडीवर सरकारी कागद. खाली उन्हात मी, उकिडवा, हात जोडून. हलगी गळ्यात तशीच लटकत होती, कारण नुकताच मीच दवंडी देऊन आलो होतो. निजाम सरकारची मर्दुमशुमारी चालली होती. गावातली सगळी माणसं मोजायची, एकेकाचं नाव नि वय लिहायचं. माझं लिहून झालं. मग पटवाऱ्याने विचारलं, "बायको?"

"हाय, सायेब."

"नाव?"

मी गप्प बसलो. नवऱ्याने बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नाही, ही रीत सगळ्या गावाची. मी खाली बघत म्हणालो, "पोरींची माय."

सगळे हसले. तेव्हाच पटवाऱ्याला ते सुचलं.

"असं चालत नाही. लग्नात घेतलंस ना? उखाण्यात घे."

"घे बे," पाटील वरून म्हणाला. "हलगी बडवायला लाजत न्हाईस, आन बायकूचं नाव घ्यायला कावून लाजतूस?"

घेतलं मी. लग्नातला उखाणा आठवेना. तोंडाला आलं ते जुळवलं.

"काळ्या रानात ज्वारी आली निसवून, धुरपदाचं नाव घेतो चावडीपुढं बसून."

मग म्हणाले, पुन्हा घे. हलगी वाजवून घे. ते पण केलं. हसून हसून पाटलाला ठसका लागला. पटवाऱ्याने उपरण्याने डोळे पुसले आणि लेखणी कागदाला लावली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, लिहिलं एकदाचं.

त्याच दिवशी सकाळी तोच पटवारी पाटलाच्या घरी गेला होता. मी मागे दप्तर घेऊन उभा. पाटलाला बायकोचं नाव विचारलं तर पाटीलही गप्प. तिथं कोणी हसलं नाही. पटवारी म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." न्हाव्याच्या म्हातारीला आत पाठवलं. ती नाव विचारून आली, पटवाऱ्याच्या कानात सांगितलं, त्याने मान डोलवून लिहिलं. रीत एकच होती.

हे मी सांगतो आहे आणि माझा धाकटा जावई लिहून घेतो आहे. मला अक्षर येत नाही. तो माझी बोली नीटनेटकी करून लिहितो. मी म्हटलं, माझी कर हवी तर, पण कोण काय बोललं ते तसंच लिही. आता थकलो आहे मी. एकदाच सांगणार.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडचं. मी गावचा येसकर. येसकर म्हणजे वेशीवरचा महार. हातात काठी, गळ्यात हलगी. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं, त्याचं ओझं वाहायचं, दवंडी द्यायची. त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळायचं आणि सणाला शिळंपाकं. बापाने केलं म्हणून मी करत होतो.

मर्दुमशुमारीच्या आधी तालुक्याहून हुकूम आला. लोक घाबरतात, लपतात, खोटं सांगतात, तर त्यांना समजावा. पटवाऱ्याने दवंडीचे शब्द माझ्याकडून घोकून घेतले. आठ दिवस मी ते ओरडत होतो.

"ऐका हो ऐका! सरकारची मर्दुमशुमारी हाय! ल्हानमोठा, बाईबाप्या, एक बी जीव ऱ्हाता कामा न्हाई! समद्यांनी खरं नाव, खरं वय सांगा! कुनी भिऊ नगा, कुनी लपू नगा!"

आठ दिवस एकच गोष्ट ओरडली की ती ओरडणाऱ्यालाच खरी वाटायला लागते. मला लागली. एक पण जीव राहता कामा नाही. म्हणजे आमचे जीव पण आलेच की त्यात.

आमच्या म्हारवाड्यात बावीस झोपड्या. तिथली माणसं आधी बिचकलीच. मोजतात म्हणजे धरून नेतात, मोजतात म्हणजे वेठीला लावतात, असं म्हातारे म्हणायला लागले. दोन घरं तर पोरंबाळं घेऊन पाहुण्याकडे पळायच्या तयारीत. मी एकेकाच्या दारात बसलो. म्हटलं, न्हाई बाबा, ह्या कागदात पाटील बी तसाच आन आपुन बी तसंच. मी ते म्हणालो. माझ्याच तोंडाने. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि धुरपदाने ठेवला. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "माजं बी नाव लिवत्यात का?"

"लिवत्यात."

"बाईचं बी?"

"समद्यांचं. खरं नाव, खरं वय."

मग तिने वयाचा ध्यास घेतला. आमच्यात वय कोण मोजतं? ती दोन दिवस विचार करत होती. मोठ्या दुष्काळात ती चालायला लागली होती, असं तिची आई सांगायची. शेजारच्या म्हातारीला धरून ती तिथून एकेक वर्ष पुढं येत गेली. कोणत्या साली पूर आला, कोणत्या साली लग्न झालं, मोठी कधी, धाकटी कधी. शेवटी तीस आलं. मला दहादा बजावलं, "तीस सांगा. इसरू नगा." तिचं लुगडं एकच, त्याला दोन ठिगळं. ते तिने ओढ्यावर धुऊन आणलं. तिला वाटलं, बायांना पण चावडीवर बोलावतील, समोर उभं करून विचारतील.

बायांना कोणी बोलावलं नाही. मी चावडीवरून आलो तर ती दारातच उभी.

"लिवलं?"

"लिवलं."

"तीस सांगितलं?"

"सांगितलं." वय कोणी विचारलंच नव्हतं.

उखाण्याचं मी बोललो नाही. पण गावात असलं काही झाकून राहतं का? पाणी मागायला गेलेल्या बायकांनी विहिरीवर ऐकलं, तिला येऊन सांगितलं. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. ती म्हणाली, "हसनात का. नाव तर लिवलं न्हवं?"

मी हो म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी गिरदावर साहेब आला. गिरदावर म्हणजे पटवाऱ्याच्या वरचा अंमलदार, त्याचे कागद तपासणारा. गावातलं तपासून झालं आणि दुपारी तो म्हारवाड्याच्या कडेला लिंबाखाली येऊन बसला. हुकूम झाला, सगळे बाहेर या, बायका-पोरं पण. नावं वाचतील तसं ज्याने त्याने हात वर करायचा. धुरपदा पुढच्या रांगेत उभी. धुतलेलं लुगडं, डोईवर पदर, दोन्ही पोरी पुढं धरलेल्या. माझ्याकडे बघितलं पण नाही. तिचं लक्ष कागदाकडे.

पटवारी लांबून वाचायला लागला.

"धोंड्या. म्हारीण एक. पोरगा एक."

"राम्या. म्हारीण एक. पोरगे तीन, पोरी दोन."

"मल्ल्या. आई एक, म्हारीण एक."

मला आधी कळलंच नाही. तिसऱ्या घराला कळलं. आमचं घर सातवं. चौथं वाचलं. पाचवं वाचलं. मी देवाला म्हणत होतो, आमच्या घराला तरी असू दे. तिच्या नावाला तर सगळे हसले होते. हसण्यापुरतं तरी लक्षात राहिलं असेल.

पटवाऱ्याने माझं नाव वाचलं. मी हात वर केला. "म्हारीण एक, पोरी दोन."

धुरपदा तशीच उभी. तिला वाटत होतं, ही नुसती मोजणी झाली, आता नाव येईल. तिने हात अर्धा वर करून ठेवला होता. पटवाऱ्याने पुढच्या घराचं नाव वाचलं, शेजारचा पुढं सरकला, तरी तिचा हात तसाच. मग तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आपलं झालं?"

आयुष्यात मार पुष्कळ खाल्ला. तो एवढा लागला नाही.

बावीस घरं वाचून झाली. गिरदावराने खाली सही केली, शिक्का मारला. पाटील मला म्हणाला, "चल रे, गावातून दवंडी दे. मर्दुमशुमारी मुकम्मल झाली, पुरी झाली म्हनून."

मी उभा राहिलो. हलगी गळ्यातून काढली.

"न्हाई झाली, सायेब."

गिरदावराने वर बघितलं. "क्या बोलता है?"

"माज्या बायकूचं नाव धुरपदा हाय. वय तीस. मला उखाण्यात घ्यायला लावलं चावडीम्होरं, आन लिवलं न्हाई. हितल्या एका बी बाईचं नाव लिवलं न्हाई. मंग मोजनी कशी झाली?"

मी तिचं नाव तिच्यासमोर असं सरळ कधीच घेतलं नव्हतं. धुरपदाने पदर तोंडावर ओढला.

पटवारी चाचरला. म्हणाला, "साहेब, इतकी नावं कुठं मावणार? कागद खराब होतो."

गिरदावराने कागद बघितला. क्षणभर मला वाटलं, हा काहीतरी म्हणेल. तो आमच्या रिवाजातला नव्हता, आमच्या गावचा नव्हता. त्याने बोटाने घरं मोजली, बाया मोजल्या, रांगेकडे नजर टाकली.

"नाम से क्या लेना?" म्हणाला. "गिनती तो बराबर है." आणि कागद गुंडाळला.

"दवंडी दे," पाटील म्हणाला.

"खोटी दवंडी मी देनार न्हाई."

"येसकरकी करायची हाय का न्हाई तुला?"

मी हलगी जमिनीवर ठेवली. काठी तिच्या शेजारी ठेवली. त्याच काठीने पाटलाने मला मारलं. पाठीवर, गुडघ्यावर, जिथं लागेल तिथं. आमची माणसं खाली माना घालून उभी होती. मग माझ्याच चुलतभावाने हलगी उचलली. त्याला चार लेकरं होती. त्याने दवंडी दिली. मर्दुमशुमारी मुकम्मल झाली. त्याच्यावर माझा राग नाही, पण त्याच्या घरचं पाणी मी पुन्हा प्यालो नाही.

त्या साली खळ्यावर आम्हाला उभं केलं नाही. गावाने काम बंद केलं, सरपणाला रानात फिरकू देईनात. पोरींना घेऊन आम्ही नेकनूरकडे गेलो आणि सडकेच्या कामावर खडी फोडायला लागलो. धुरपदा बोलायची कमी. एकदा दगड फोडता फोडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी तुमी समद्यांम्होरं माजं नाव घेतलं. लाजून मेले मी."

मी म्हटलं, "चुकलं का?"

हातोडा दोनदा पडला. म्हणाली, "न्हाई. आयकायला बरं वाटलं."

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरात माणसं पडायला लागली, खांदा द्यायला माणूस मिळेना. धुरपदा तीन दिवसांत गेली.

पुढची मर्दुमशुमारी आली तेव्हा दवंडी दुसरा कोणी देत होता. शब्द तेच होते. एक बी जीव ऱ्हाता कामा न्हाई. मी सडकेकडेच्या आमच्या नव्या वस्तीतल्या लोकांना म्हटलं, चावडीवर कोणी जायचं नाही. आपापल्या दारात बसा. लिहिणारा येईल. दोन दिवस शिव्या झाल्या, धमक्या झाल्या. कागद भरायचे होते ना त्याला! तिसऱ्या दिवशी आला. नाकाला उपरणं लावून माझ्या दारापासून चार हातांवर उभा राहिला.

"बायको?"

"मेली."

"मग सोड. जिवंतांचीच मोजणी आहे."

झालं. जिवंत होती तेव्हा नाव लिहिलं नाही, आता लिहिता येत नाही. धुरपदा नावाची बाई या मुलखात जन्मली, राबली, मेली, आणि सरकारच्या एका कागदात ती नाही. मी मान खाली घातली नाही. त्याच्याकडे बघत राहिलो.

थोरली सासरी होती. धाकटी घरात. तो लिहीत लिहीत पुटपुटला, "पोरगी एक."

"नाव इचारा," मी म्हटलं.

"काय ते?"

"गोदा. लिवा."

त्याने लेखणी हलवली. म्हणाला, लिहिलं. पण मला वाचता येत नाही. तो काय लिहितो हे मला कसं कळणार? मागच्या वेळीही लेखणी हललीच होती. मी चुलीतला कोळसा आणला आणि दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

"आधी हितं लिवा. मोठं."

तो लाल झाला. "वेडा झालास का रे?"

"लिवा. न्हाईतर माज्या घरची मोजनी न्हाई, आन मागच्या सतरा घरांची बी न्हाई."

माझ्यामागे सतरा दारांत माणसं उभी होती. या खेपेला माना खाली नव्हत्या. त्याने कोळसा घेतला, भिंतीवर लिहिलं. मग मी म्हटलं, कागद दाखवा. कागदावर ते नव्हतं. डोळे तर आहेत मला. भिंतीवरची आकृती कागदावर कुठंच नव्हती. तो खाली बसला आणि लिहिलं. मी एकेक वळण भिंतीशी ताडून बघितलं, मग त्याला पुढच्या दारी जाऊ दिलं. सतरा घरांत त्याला दिवस मावळायला आला.

यात आनंद मानावा असं काही नाही. एवढ्याशा गोष्टीला माझी अर्धी जिंदगी लागली आणि जिच्यासाठी लागली ती राहिली नाही. पुढच्या खेपेपर्यंत मीही बहुतेक नसेन. गोदाला सांगून ठेवलं आहे, जावयाला इथं लिहून घ्यायला लावतो आहे. सरकारी माणूस दारात येईल, गोड बोलेल, सगळे सारखे म्हणेल. त्याला विचारायचं, नाव लिहिणार का? लिहिणार असेल तर बसू द्यायचं. नसेल तर सांगायचं, या घरात कोणी राहत नाही, आणि दार लावून घ्यायचं. पडू दे त्यांच्या गिनतीत एक घर कमी.