पंचवीस-पंचवीसची माळ

आमच्या घराण्यात धर्माची घडी आजवर एकदाच विस्कटली, आणि ती मी विस्कटली.

माझं माहेर जालन्याचं, प्रोटेस्टंट. जपमाळ नावाची वस्तू मी तिथे पाहिलीसुद्धा नव्हती. सासर घनसावंगीजवळच्या खेड्यातलं, कट्टर कॅथलिक. सासूबाईंना (मी त्यांना आत्याबाई म्हणायची) मोतीबिंदू, त्यामुळे बोटं सांगतील तसं त्यांचं तोंड चाले. बारका मणी लागला की 'नमो मारिये', मोठा लागला की 'आमच्या बापा'. दहा बारके, मग एक मोठा, असा त्याचा क्रम असतो. हे मला नंतर कळलं. फार नंतर!

त्या दिवशी नणंदेला, सगुणाला, बघायला अंबडची मंडळी येणार होती. आत्याबाईंनी सकाळीच बजावलं, "रुथे, लोकं लई धार्मिक हायेत. तुला माळ येत न्हाई हे बिलकुल कळू देऊ नको. सोयरीक मोडंल." मागे सगुणा पदर चावत उभी होती. नाताळच्या जेवणावळीत तिने मुलाला पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिची भाजी रोज खारट होत होती.

मी मान डोलावली आणि आत्याबाईंची माळ पुसायला घेतली. पुसता पुसता गळ्यात घालून पाहिली (नवी नवरी होते हो, आणि गळा मोकळाच होता!). ती नेमकी दाराच्या कडीत अडकली आणि तटकन तुटली. मणी सगळे पाखडलेल्या ज्वारीत!

"काय करून राह्यलीस गं?" आतून आवाज आला.

"ज्वारी निवडून राह्यले, आत्याबाई!" हे खोटंही नव्हतं.

खाली लोंबणारं क्रूसाचं शेपूट तेवढं शाबूत होतं. बाकीचे पन्नास बारके आणि चार मोठे मणी मी एकेक करून वेचले आणि नव्या दोऱ्यात ओवले. चारही मोठे मणी मधोमध, दोन्ही बाजूंना बारके पंचवीस-पंचवीस. बोरमाळ अशीच ओवतात की! झकास दिसत होती.

पाहुणे आले. चुलीवर रस्सा रटरटत होता, पण पाहुणे आले की एकत्र माळ झाल्याशिवाय ताट नाही हा घरचा रिवाज. सगळे गुडघ्यांवर बसले. आत्याबाईंनी सुरुवात केली. दहा नमो मारिये झाले. अकरावं झालं. बारावंही झालं! मुलाच्या आईने एक डोळा उघडला. मुलाचे वडील गुडघ्यांचे जुने दुखणेकरी, त्यांनी सतराव्याला भिंत धरली.

सगुणा कुजबुजली, "वैनी, मोठा मणी कुठंय?"

"मधोमध."

"मधोमध?" ती पांढरीफटक पडली. "मंग झालं माझं लगीन!"

मला तिथेच रडू फुटलं.

पंचवीस संपले आणि मोठा मणी आला. सगळ्यांनी हुश्श करून 'आमच्या बापा' म्हटलं. मग दुसऱ्यांदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा! चौथ्या मण्यावर आत्याबाईंची बोटं थांबली. त्यांनी मणी पुढेमागे चाचपले आणि अंधूक नजर बरोब्बर माझ्याकडे वळवली.

"बाई, ही कुठली रीत म्हणायची?" मुलाच्या आईने विचारलंच.

आत्याबाईंनी चौथा मणी चिमटीत घट्ट धरला. मग म्हणाल्या, "नवसाची माळ हाय ही. नणंदेचं भलं व्हावं म्हनून माझ्या सुनंनं हातानं ओवली. चला, आजून पंचवीस राह्यलेत." (पुढे फादर घोड्यावरून गावात आले, तेव्हा पापनिवेदनाला पहिला नंबर आत्याबाईंचा!)

माळ संपली तेव्हा मुलाच्या आईचे डोळे भरले होते. "अशी भक्ती आमच्याकडं न्हाई. पोरगी पसंत हाय. आन ही माळ बी आम्हाला द्या." माळ त्याच दिवशी अंबडला गेली, सगुणा महिन्याभराने.

पाहुणे गेल्यावर आत्याबाईंनी मला समोर बसवलं. आता माहेरी रवानगी, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी सुपातले ज्वारीचे दाणे दहा-दहा मांडले, मधे एकेक चिंचोका ठेवला आणि म्हणाल्या, "म्हण." त्या बाईवर मी तेव्हापासून जीव टाकला.

वर्षभरात मी माळ ओवण्यात तरबेज झाले. अगदी बिनचूक अशी एक माळ मोठ्या हौसेने सगुणाच्या सासूला पाठवली. आठवड्यात ती परत आली, सोबत निरोप: "सूनबाईला म्हणावं, या खेपेला ओवताना चुकली."