सर्व्हर दिवसभर काय दळत होता

बापूकाका सर्व्हरला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून बसले होते. मी आले तरी हलले नाहीत. नुसता हात वर करून मला थांबवलं.

"बेअरिंग गेलेलं नाही," शेवटी त्यांनी निदान सांगितलं. "पण लोडवर चाललंय. रिकामं फिरत नाही."

काका जन्मभर बोटीवर इंजिनीअर. इंजिनरूममध्ये मशीनची नाडी अशीच बघायचे. मी बँकेत सिस्टिम सांभाळायचे, आता रिटायर झाल्यावर रत्नागिरीत घरोघरी कॉम्प्युटर बघते. स्क्रूड्रायव्हरनं हार्ड डिस्क तपासणारा क्लायंट मला पहिल्यांदाच भेटला. वर त्यांचं बरोबर होतं, याचा थोडा रागही आला.

"चार दिवस झाले, नुसता दळण दळतोय मेला डबा," सुमनकाकू आतून बाहेर येत म्हणाल्या. "बंद करा म्हटलं तर हे हात लावू देत नाहीत."

"आणि तू? परवा मी बटण दाबायला गेलो तर हिनं हात धरलान माझा."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच चुकले.

होम सर्व्हर म्हणजे घरात ठेवलेला एक छोटा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. चोवीस तास चालू राहतो आणि घरातल्यांच्या फायली सांभाळतो. आखातात असलेल्या मुलानं तो बसवून दिला होता. दोघांना वेगवेगळं लॉगिन, वेगवेगळा फोल्डर. एकमेकांच्या फायली दिसत, पण एकमेकांनी काय सेटिंग केलंय ते दिसत नसे.

पहिला संशय फोटोंवर. फोटोंचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची छोटी प्रत बनवत बसतं, त्यात डिस्क राबते. ते बंद केलं. करकर चालूच. दुसरा संशय व्हायरसवर. तोही निघाला नाही. मग डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट काढला. डिस्कवरच्या काही जागा वाचता येईनाशा होतात, त्यांना बॅड सेक्टर म्हणतात. इथे ते माझ्यादेखत वाढत होते. शिवाय डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.

"काका, एवढं काय ठेवलंय यात?"

"कॅसेटी."

पूर्वी बोटीवरच्या माणसाला फोन करणं म्हणजे दिव्य होतं. मग नवरा-बायको कॅसेटवर बोलायचे आणि ती कॅसेट पुढच्या बंदरात पोचवायची व्यवस्था करायचे. काकूंनी पाठवलेल्या कॅसेटी काकांच्या फोल्डरमध्ये होत्या, काकांनी पाठवलेल्या काकूंच्या. ज्याला आलेल्या त्याच्याकडे.

"मूळ कॅसेटी कुठे आहेत?"

"टाकल्या," काकू म्हणाल्या. "मुलानं या डब्यात उतरवून घेतल्यान तेव्हाच बुरशी धरली होती. आपल्याकडचा दमटपणा, काय राहतंय?"

"मुलाकडे कॉपी असेल ना?"

"त्यास कशास गो? आमचं दोघांचं बोलणं ते."

म्हणजे सगळं या एका डिस्कवर, आणि ती मरायला टेकलेली. मी बँकेत सर्व्हर कोसळताना पाहिलेत, तेव्हा घाबरले नव्हते. आता घाबरले. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही, ही बँकेची सवय.

मुलाला फोन करून ॲडमिनचा पासवर्ड घेतला. आता दोघांचीही सेटिंग दिसली. दर तासाला दोन टास्क चालत होते. टास्क म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम. काकांचा टास्क काकूंचा अख्खा फोल्डर उचलून स्वतःच्या फोल्डरमध्ये 'जपून' या नावानं ठेवत होता. काकूंचा टास्क काकांचा अख्खा फोल्डर उचलून स्वतःकडे 'ठेव' या नावानं ठेवत होता. पण काकांच्या फोल्डरमध्ये आता 'जपून' होता, तोही काकूंकडे जाई. काकूंच्या फोल्डरमधला 'ठेव' परत काकांकडे येई. सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात, तसं. दर तासाला कॉपीच्या पोटात आणखी एक कॉपी.

मी फायलीचा पत्ता मोठ्यानं वाचला. "जपून, ठेव, जपून, ठेव, जपून, ठेव..."

दोघंही पुढे वाकून स्क्रीन बघायला लागले.

"कोणी लावलेत हे?"

"एक मी लावलाय," काका खाली बघत म्हणाले. "हिच्याकडचं काही बिघडलं आणि मी नसलो, तर हिला माझा आवाज ऐकायला नको? हिला सांगितलं असतं तर, असलं अभद्र बोलू नका, म्हणाली असती."

काकू मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या. "मग दुसरा लावताना माझ्या मनात तरी वेगळं काय होतं? मी नसले तर ह्यांनी काय ऐकायचं?" आणि जरा थांबून, "पण आधी तुम्हीच जाणार हे ठरवलं कोणी?"

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. डोळे भरले होते आणि काम बाकी होतं.

दोन्ही टास्क बंद केले. करकर थांबली. नवी डिस्क लावून मूळ फायली उतरवायला घेतल्या. सगळ्या आल्या, एक सोडून. काकांच्या फोल्डरमधली, काकूंची तिसरी कॅसेट. नेमकी बॅड सेक्टरवर सापडली होती. तीनदा प्रयत्न केला. काका स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात करत राहिले.

मग सुचलं, की हीच फाईल त्या कॉप्यांमध्ये पण असणार. काकूंच्या 'ठेव'मधली उघडून बघितली, तीही खराब. त्या 'ठेव'च्या आणखी आत गेले. जपून, ठेव. तिथली कॉपी फाईल बिघडण्याआधीची, ती धडधाकट होती. जिच्यापायी डिस्कचा जीव जात होता, त्याच चुकीनं फाईल वाचवली. हे मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवणार नाही.

बॅकअप नीट झालाय का, ते फाईल चालवून बघावं लागतं. मी ती लावली. तरुण काकूंचा आवाज आला, पाठ केल्यासारखा. "आज बाळ ओटीवर उभा राहिला. पडला, परत उभा राहिला. तुमच्या कॅसेटीत मागनं इंजिनाचीच घरघर येते हो. जरा लांब जाऊन बोलत जा."

"लांब कुठे जाणार?" काका म्हणाले. "चहूकडे पाणी."

"मग हे तेव्हा नाही सांगायचंत?"

टेस्टिंगला दोन मिनिटं पुरतात. मी पाऊण तास बसले.

निघताना एकच टास्क लावून दिला, दोघांना दिसेल असा, आणि त्याची कॉपी वेगळ्या डिस्कवर. तुम्हालाही तेच सांगेन. बॅकअप घेताना घरात सांगून घ्या. कशासाठी घेताय, तेही जमलं तर सांगा.